अमेरिकेतल्या दांडग्या मोटारी आणि त्या बनवणारे हात



गेल्या महिन्यातली गोष्ट. शाखा कार्यालयात बदल्यांच्या अर्जांची फाइल घेऊन आम्ही बसलो होतो. नव्या भरतीतला एक असिस्टंट लोको पायलट ड्यूटीवरून सुटून तिथे टेकला होता. मोबाइल आमच्यासमोर धरून तो म्हणाला, "नाना, ही गाडी बघा. विकायला आहे." जाहिरात अमेरिकेतली होती. १९७० सालची डॉज चॅलेंजर, भडक जांभळ्या रंगाची, लांब नाकाची, मागची चाके पुढच्यापेक्षा रुंद. किंमत लाखाच्या पुढे, आणि तीही डॉलरमध्ये. आम्ही त्याला म्हटले, "बाबा रे, तुझा हाउस बिल्डिंग ॲडव्हान्सचा अर्ज अजून आमच्याच फायलीत पडून आहे." सगळे हसले, तोही हसला. पण त्या जाहिरातीत खाली काय लिहिले आहे ते त्याने वाचून मराठीत सांगितले, तेव्हा आम्ही फाइल बाजूला ठेवली.

विकणाऱ्याने तीन गोष्टी अभिमानाने सांगितल्या होत्या. पहिली, इंजिनावरचा क्रमांक आणि बॉडीवरचा क्रमांक जुळतो, म्हणजे कारखान्यात बसवलेले इंजिन अजून तेच आहे. दुसरी, मोटारीची मूळ 'बिल्ड शीट' मागच्या सीटच्या स्प्रिंगमध्ये सापडली असून ती सोबत मिळेल. तिसरी गोष्ट अशी की मोटार नव्याने दुरुस्त करताना कारखान्यातल्या तपासनिसाच्या खडूच्या आणि रंगाच्या खुणा जिथल्या तिथे पुन्हा काढल्या आहेत.

या तिसऱ्या ओळीवर आम्ही थबकलो. कॅरेज अँड वॅगन खात्यातल्या माणसाला खडूची खूण म्हणजे काय ते सांगायला नको. उन्हातान्हात, पावसात, रात्री हातबत्ती घेऊन रेकच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत जायचे, हातोडी मारून आवाज ऐकायचा, ब्रेक ब्लॉक बघायचे आणि वॅगनच्या अंगावर खडूने खूण करायची. पुढच्या पावसात ती धुऊन जाते. त्या खुणेला कोणी पैसे देईल असे आपल्या बापजाद्यांना स्वप्नातही वाटले नसेल. अमेरिकेत मात्र पन्नास-पंचावन्न वर्षांनी त्या खुणेची हुबेहूब नक्कल करायला माणसे पैसे मोजतात. प्रदर्शनात परीक्षक वाकून मोटारीच्या पोटाखाली बघतात आणि खूण चुकीच्या जागी असली तर गुण कापतात. मूळ कारखान्यात रंगाचा फवारा घाईत भलतीकडे उडाला असेल, तर तोही तसाच उडवावा लागतो. फार चकचकीत काम केले तर ते खोटे ठरते!

बिल्ड शीटची कथाही आपल्या ओळखीची आहे. प्रत्येक मोटारीबरोबर लाइनवर एक कागद फिरत असे. कोणते इंजिन, कोणता ॲक्सल, कोणत्या रंगाच्या सीट हे सगळे त्यावर सांकेतिक अंकांत छापलेले असे. कामगाराने ते वाचून तो तो भाग लावायचा. काम झाले की कागदाचा उपयोग संपला. लाइन तर थांबत नाही, मग हातातला कागद कोणी सीटच्या स्प्रिंगमध्ये खुपसला, कोणी गालिच्याखाली, कोणी पेट्रोलच्या टाकीवर. आज तोच मळका कागद सापडला की मोटारीची किंमत वाढते. आर.एम.एस.मधल्या आमच्या बांधवांना हे चटकन पटेल. धावत्या डब्यात उभ्याने टपाल छाटताना ज्यांनी शिक्के मारले, त्या आर.एम.एस.च्या शिक्क्यांची पाकिटे आज संग्राहक शोधत हिंडतात. शिक्का मारणाऱ्याच्या पायाच्या सुजलेल्या शिरा मात्र कोणाच्या संग्रहात नाहीत.

या मोटारींना अमेरिकेत 'मसल कार' म्हणतात. आपण दांडगी मोटार म्हणू. कल्पना साधी होती. मध्यम आकाराची, बेताच्या किमतीची दोन दरवाजांची मोटार घ्यायची आणि तिच्यात सगळ्यात मोठे आठ सिलिंडरचे इंजिन बसवायचे. १९६४ मध्ये जनरल मोटर्सच्या पॉन्टियाक विभागाने जी.टी.ओ. काढली, तिथून ही लाट सुरू झाली असे बहुतेक जण मानतात. त्यामागची युक्ती आपल्या वाचकांना आवडेल. मध्यम मोटारीत अमुक आकारापेक्षा मोठे इंजिन घालायचे नाही, असा कंपनीचाच नियम होता. पॉन्टियाकचे मुख्य अभियंता जॉन डिलोरियन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळे मॉडेल न काढता, जुन्याच मॉडेलवर ३०० डॉलरच्या आत मिळणारा जादा 'पर्याय' म्हणून ३८९ घन इंचाचे, म्हणजे सहा लिटरहून मोठे इंजिन देऊन टाकले. नियम कागदावर शाबूत, मोटार रस्त्यावर! पाच हजार खपतील असा अंदाज होता, पहिल्याच वर्षी बत्तीस हजारांवर खपल्या. नियमाला वळसा घालून नफा झाला की साहेबाला बढती मिळते. आपल्याकडे गँगमनने नियम पाळून गाडी थांबवली तरी खुलासा मागतात.

त्याच वर्षी १७ एप्रिलला फोर्डची मस्टँग आली. किंमत २,३६८ डॉलर. पहिल्याच दिवशी बावीस हजार मागण्या नोंदल्या गेल्या. मग क्रायस्लरने ४२६ घन इंचाचे, सात लिटरचे 'हेमी' इंजिन आणले, कागदोपत्री ताकद ४२५ अश्वशक्ती. १९६८ मध्ये प्लिमथ रोड रनर आली, ती तर मुद्दाम स्वस्तात काढलेली. आत साधी सीट, गालिच्याच्या नावाने शंख, पण इंजिन दणकट, आणि हॉर्न कार्टूनमधल्या पक्ष्यासारखा. पक्ष्याचे नाव आणि चित्र वापरण्यासाठी कंपनीने वॉर्नर ब्रदर्सना पन्नास हजार डॉलर दिले होते. या रोड रनरची किंमत २,८९६ डॉलरपासून सुरू होत असे.

आता इथे थोडा हिशेब करू, कारण आमच्या मते सगळ्या गोष्टीची मेख या हिशेबात आहे. १९७० च्या सुमारास डेट्रॉइटच्या मोटार कारखान्यातल्या कामगाराला तासाला साधारण चार डॉलर मिळत, दोन वर्षांपूर्वी त्याहून थोडे कमी. म्हणजे रोड रनरसाठी त्याला चार-पाच महिन्यांची मजुरी पुरत होती. ज्याने मोटार जोडली तोच शनिवारी ती विकत घेऊन गेटबाहेर उभी करू शकत होता, आणि पुष्कळांनी केलीही. हा कंपनीचा उदारपणा नव्हता. १९३० च्या दशकात कारखान्यात ठाण मांडून बसलेल्या संपकऱ्यांनी युनायटेड ऑटो वर्कर्स ही युनियन उभी केली, तिने वेतन, महागाईभत्ता आणि पेन्शन एकेक करून खेचून आणले. दांडग्या मोटारींची ही तरुणाई मुळात युनियनच्या वेतनावर पोसलेली होती. मोटारींच्या कौतुकाची पुस्तके लिहिणारे इंजिनाचे घन इंच पाठ म्हणतात, या गोष्टीला मात्र एक ओळ देतात, तीही दिली तर.

काही सहकारी म्हणतील, हे चैनीचे खेळणे, पेट्रोलची उधळपट्टी, आपल्या पत्रिकेत याला जागा कशाला? उधळपट्टी होती हे खरेच आहे. तरुण पोरे चौकात शर्यती लावत आणि मरत, हेही खरे. तरीही कामगाराच्या पोराला ताकदवान यंत्राची ओढ वाटली तर त्यात आम्हाला काही वावगे दिसत नाही. आमचे अर्धे आयुष्य डब्ल्यू.डी.एम.-२ इंजिनाच्या आवाजात गेले. ते इंजिनही मूळचे अमेरिकेचेच, न्यूयॉर्क राज्यातल्या शेनेक्टडीच्या ऑल्को कंपनीचे. १९६२ मध्ये पहिली इंजिने तिकडून आली, आणि जानेवारी १९६४ मध्ये वाराणसीच्या कारखान्यातून आपण बांधलेले पहिले इंजिन बाहेर पडले. मस्टँगचे आणि जी.टी.ओ.चेही तेच साल. सोळा सिलिंडर, २,६०० अश्वशक्ती. स्टार्टरला नॉच दिल्यावर तो काळा धूर आणि ती थरथर ज्याने पायाखाली अनुभवली, त्याला चॅलेंजरवाल्याची धुंदी समजायला कठीण नाही. फरक एवढाच की आमचे २,६०० घोडे अठरा डब्यांची एक्स्प्रेस ओढत आणि हजार-दीड हजार माणसांना गावी पोहोचवत. ऑल्कोने मात्र १९६९ मध्ये अमेरिकेत इंजिने बांधणे बंद केले. शेनेक्टडीचे कामगार घरी बसले, आणि त्यांच्या रेखाटनांवर बनलेली इंजिने पुणे, कल्याण, इटारसीच्या शेडमध्ये पुढे कित्येक दशके चालली.

असो. डेट्रॉइटकडे वळू.

त्या जाहिरातीतली चॅलेंजर आणि तिची बहीण प्लिमथ बाराकुडा मुख्यत्वे बनत ती हॅमट्रॅमक इथल्या 'डॉज मेन' कारखान्यात. हॅमट्रॅमक हे डेट्रॉइट शहराच्या पोटातच असलेले छोटे गाव. मोटारींची मागणी चढू लागली तशी कंपनीने लाइनचा वेग वाढवला. माणसे तेवढीच, हात तेवढेच, तासाला निघणाऱ्या मोटारी जास्त. २ मे १९६८ रोजी सुमारे चार हजार कामगार काम टाकून बाहेर आले. युनियनची परवानगी न घेता केलेला तो संप होता. त्यात गोरे होते, काळे होते, पोलंडहून आलेल्या घराण्यांतल्या बायाही होत्या. शिक्षा करताना मात्र कंपनीने काळ्या कामगारांना वेचून काढले. ज्यांना पुन्हा कधीच घेतले नाही त्यांत जनरल बेकर हे एक होते. 'जनरल' हे त्यांचे नाव होते, हुद्दा नव्हे. त्यातून डॉज रेव्होल्युशनरी युनियन मूव्हमेंट ही संघटना उभी राहिली. तिचा राग कंपनीवर जेवढा होता तेवढाच स्वतःच्या युनियनच्या पुढाऱ्यांवरही होता. लाइनवर सगळ्यात जड आणि घाणेरडे काम काळ्यांच्या वाट्याला, आणि फोरमनच्या खुर्च्या व युनियनची पदे बहुतेक गोऱ्यांकडे, अशी त्यांची तक्रार होती. युनियनच्या नेत्यांनी त्यांचे म्हणणे ऐकण्याऐवजी त्यांना फुटीर ठरवले. आम्ही स्वतः पदाधिकारी आहोत, म्हणून हे मुद्दाम लिहितो. तळचा माणूस ओरडतो तेव्हा पदाधिकाऱ्याला आधी आपली खुर्ची आठवते, हा रोग फक्त डेट्रॉइटचा नाही. आपल्याकडे सफाईवाल्याच्या आणि ट्रॅकमनच्या तक्रारी अजेंड्यावर कितव्या क्रमांकाला येतात ते प्रत्येकाने आपापल्या शाखेत बघावे.

क्रायस्लरच्याच एल्डन ॲव्हेन्यू कारखान्यात, जिथे ॲक्सल आणि गिअर बनत, मे १९७० मध्ये एक बावीस वर्षांचा कामगार सदोष मालवाहू गाडी उलटून लोखंडाच्या ढिगाखाली मेला. व्हिएतनामच्या लढाईतून तो जिवंत परत आला होता. ते साल दांडग्या मोटारींचे सर्वांत भरभराटीचे. शेवरलेची शेव्हेल ४५० अश्वशक्तीचे इंजिन घेऊन त्याच वर्षी विक्रीस होती. जाहिरातवाले म्हणतात, हा सुवर्णकाळ होता. ज्या इसमाच्या घरी त्या मे महिन्यात प्रेत आले त्याला विचारले पाहिजे.

त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये जनरल मोटर्समध्ये संप झाला. चार लाख कामगार, सदुसष्ट दिवस. आपला मे १९७४ चा संप वीस दिवसांचा होता आणि त्यात आपले काय हाल झाले, किती जण तुरुंगात गेले, किती जणांची नोकरी गेली, हे जुन्या मंडळींनी पाहिले आहे. सदुसष्ट दिवस म्हणजे काय याची कल्पना त्यावरून करावी. त्या संपाने महागाईनुसार होणाऱ्या वेतनवाढीवर घातलेली मर्यादा उठवली आणि तीस वर्षे सेवा झाली की पेन्शनसह बाहेर पडण्याची वाट मोकळी केली. 'तीस आणि बाहेर' ही त्यांची घोषणा होती.

पुढची गोष्ट झटपट सांगता येते. विमा कंपन्यांनी अशा मोटारींचे हप्ते इतके वाढवले की पोरांना मोटार परवडे पण विमा परवडेना. १९७० च्या हवा शुद्धीकरण कायद्याने धुरावर बंधने आली, इंजिने सौम्य करावी लागली. ऑक्टोबर १९७३ मध्ये अरब देशांनी तेल अडवले आणि पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या. दांडग्या मोटारींचा पहिला डाव संपला. डॉज मेन कारखाना जानेवारी १९८० मध्ये बंद पडला आणि पुढच्या वर्षी पाडला गेला. त्या जागी जनरल मोटर्सचा नवा कारखाना उभा करण्यासाठी शेजारची पोलटाउन ही कामगारांची वस्ती, हजाराहून अधिक घरे, सरकारने सक्तीने ताब्यात घेऊन उठवली. प्रकरण मिशिगनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९८१ मध्ये निकाल रहिवाशांच्या विरुद्ध लागला. त्या कारखान्यात आता विजेवर चालणारी, चार टनांची, हजार अश्वशक्तीची हमर बनते.

आणि मोटारी? १९७१ सालची हेमी इंजिनाची उघड्या टपाची बाराकुडा, जी मुळात दहा-बाराच बनल्या होत्या, त्यातली एक जून २०१४ मध्ये सिॲटलच्या लिलावात ३५ लाख डॉलरला गेली. त्या वेळच्या भावाने वीस कोटी रुपयांच्या वर. जोडणाऱ्याच्या तासाच्या चार डॉलरांशी याचा मेळ कोणी घालायचा? पेन्शनवर जगणाऱ्या डेट्रॉइटच्या एखाद्या म्हाताऱ्याने ते आकडे वाचले असतील तर त्याला काय वाटले असेल, याचा आम्ही पुष्कळ विचार केला.

दुसरा डाव या शतकात सुरू झाला. चॅलेंजर २००८ मध्ये परत आली, पण आता ती बनत होती कॅनडात, ओंटारिओ प्रांतातल्या ब्रॅम्प्टन इथे. हे तेच ब्रॅम्प्टन, जिथे आपल्या पंजाबी बांधवांची मोठी वस्ती आहे. ताकदीची चढाओढ पुन्हा लागली. २०१८ ची 'डेमन' नावाची चॅलेंजर ८४० अश्वशक्तीची, आणि तिच्यात सीट एकच, चालकाची! बायकोला शेजारी बसवायचे असेल तर जादा सीट एक डॉलरला वेगळी मागवायची. २०२३ ची शेवटची 'डेमन १७०' तर १,०२५ अश्वशक्तीची. पाव मैल, म्हणजे सुमारे चारशे मीटर, ८.९१ सेकंदांत. आपल्या डब्ल्यू.डी.एम.-२ च्या ताकदीचे दोन पंचमांश घोडे एका माणसाला एका फलाटाची लांबी पार करवण्यासाठी. छापील किंमत ९६,६६६ डॉलर, आणि काही डीलरांनी त्यावर मनाला येईल ती रक्कम मागितली. घेणाऱ्यांतल्या कित्येकांनी ती चालवलीच नाही. प्लास्टिक न काढता गॅरेजमध्ये ठेवली आणि भाव चढण्याची वाट पाहत लिलावाला लावली. साठेबाजी तांदळाची होते तशी मोटारीचीही होते.

डेमन हे टोकाचे उदाहरण झाले. साधा हिशेब घेऊ. २०२४ सालच्या आठ सिलिंडरच्या मस्टँगची किंमत सुमारे ४२ हजार डॉलर. २०२३ च्या संपापूर्वी वरच्या श्रेणीतल्या अमेरिकन मोटार कामगाराला तासाला सुमारे ३२ डॉलर मिळत, म्हणजे त्याला सात-आठ महिन्यांची मजुरी. पण नव्याने लागलेल्याला सुमारे १८ डॉलर. त्याला वर्षाहून अधिक काळाची मजुरी. एकाच लाइनवर, एकाच नटाला पाना लावणारे दोघे, आणि पगारात एवढी तफावत. हे कसे घडले? २००७ च्या करारात युनियनने मान्य केले की नव्या भरतीला कमी वेतन मिळेल आणि जुन्या पद्धतीची निश्चित पेन्शन मिळणार नाही. २००९ मध्ये कंपन्या दिवाळखोरीत गेल्यावर महागाईनुसारची वाढही गोठवली. जी.टी.ओ. काढणारे पॉन्टियाक हे नाव त्याच सुमारास मिटले.

बंधूंनो, १ जानेवारी २००४ ही तारीख तुम्हाला वेगळी सांगायला हवी का? त्या दिवसानंतर लागलेला आणि आधी लागलेला, दोघे एकाच फलाटावर एकाच गाडीला झेंडी दाखवतात. एकाला जुनी पेन्शन, दुसऱ्याला बाजाराच्या भरवशावरची. एप्रिल २०२५ पासून आलेल्या एकत्रित पेन्शन योजनेवर आपल्यात मतभेद आहेत, त्यावर वेगळे लिहू. ग्रामीण डाक सेवकाची स्थिती तर त्याहून वाईट. काम टपालाचे, पण तो खात्याचा पूर्ण कर्मचारी नाही. कामगारांत जुने आणि नवे असा भेद पाडला की दहा वर्षांत नवे बहुसंख्य होतात आणि त्यांना युनियन परकी वाटू लागते. अमेरिकेत तेच झाले. सप्टेंबर २०२३ मध्ये शॉन फेन यांच्या नेतृत्वाखाली युनियनने प्रथमच तिन्ही मोठ्या कंपन्यांत एकाच वेळी संप पुकारला, सगळे कारखाने एकदम बंद न करता निवडक ठिकाणी, एकेक वाढवत. साधारण सहा आठवड्यांत साडेचार वर्षांसाठी २५ टक्के वेतनवाढ, महागाईनुसारची वाढ परत आणि श्रेणींमधली दरी बरीचशी बुजवलेली, एवढे मिळाले. गमावलेली पेन्शन मात्र परत आली नाही. एकदा सहीने सोडलेली गोष्ट संपाने परत मिळवायची म्हणजे किती कठीण, हे आमच्या वाटाघाटीच्या टेबलावर बसणाऱ्या मित्रांनी लक्षात घ्यावे.

आता आम्हाला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग. डिसेंबर २०२३ मध्ये ब्रॅम्प्टनमधून शेवटची चॅलेंजर बाहेर पडली. सुमारे तीन हजार कामगारांना सांगण्यात आले की थांबा, कारखान्यात नवी यंत्रे बसतील आणि जीप कंपास इथे बनेल. फेब्रुवारी २०२५ मध्ये ते काम थांबवले गेले. एप्रिल २०२५ मध्ये अमेरिकेने बाहेरून येणाऱ्या मोटारींवर २५ टक्के जकात लावली. ऑक्टोबर २०२५ मध्ये स्टेलँटिस कंपनीने अमेरिकेत १३ अब्ज डॉलर गुंतवण्याची घोषणा केली आणि त्यात सांगून टाकले की कंपास ब्रॅम्प्टनला नाही, तर अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात बेलव्हिडेरला बनेल. बेलव्हिडेरचा कारखाना फेब्रुवारी २०२३ पासून बंद होता; तिथले कामगारही दारोदार झाले होते, आणि तो उघडावा ही २०२३ च्या संपातली मागणी होती. म्हणजे एका गावच्या कामगारांच्या ताटात जे वाढले ते दुसऱ्या गावच्या ताटातून उचललेले.

यात बेलव्हिडेरच्या कामगाराचा दोष आहे असे कोणी म्हणू नये. तीन वर्षे घर बंद पडलेल्या माणसाला काम मिळत असेल तर त्याने का घेऊ नये? पण अमेरिकेच्या युनियनने त्या जकातीचे उघड स्वागत केले, हे आम्हाला पटलेले नाही. कॅनडाचे मोटार कामगार १९८५ पर्यंत त्याच युनियनमध्ये होते. सवलती देण्याच्या प्रश्नावरून वाद झाला आणि ते वेगळे झाले. आज ते युनिफॉर या संघटनेत आहेत. चाळीस वर्षांपूर्वी घराला पडलेली ती चीर कंपनीला आता उपयोगी पडली. सरहद्दीच्या अलीकडचा पलीकडच्याला विचारत नाही आणि कंपनी दोन्हीकडे कारखाना विकायला मांडते: कोण जास्त सवलत देतो, बोला!

आपल्याकडे हे होत नाही असे कोणी समजू नये. डब्यांच्या पी.ओ.एच.चे काम एका वर्कशॉपमधून दुसरीकडे हलवतात तेव्हा ज्यांना मिळते त्या शाखेत पेढे वाटले जातात. आर.एम.एस.ची छाटणी एका ठिकाणची बंद करून दुसरीकडे एकत्र केली की जिथे काम वाढले तिथले पदाधिकारी गप्प बसतात. आम्हीही एकदा असेच गप्प बसलो होतो. नंतर आमच्याच शेडचे काम हलले, तेव्हा कोणाच्या दारात जावे ते कळेना.

महाराष्ट्राला या कंपन्यांचा अनुभव थेट आहे. शेव्हेल आणि कॅमारो बनवणाऱ्या जनरल मोटर्सने २००८ मध्ये तळेगावला कारखाना सुरू केला. २०१७ अखेर भारतात विक्री बंद केली, डिसेंबर २०२० मध्ये तळेगावचे उत्पादन थांबवले, आणि हजाराहून अधिक कायम कामगार कोर्टाच्या पायऱ्या चढू लागले. पुढे कारखान्याची जागा दुसऱ्या मोटार कंपनीने घेतली. फोर्डची गोष्ट तर आणखी विचित्र. सप्टेंबर २०२१ मध्ये तिने चेन्नई आणि साणंदचे उत्पादन बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे चार हजार कामगारांवर परिणाम होईल, असे कंपनीनेच सांगितले. त्याच निवेदनात ग्राहकांसाठी खूशखबर होती: बाहेरून आणलेली मस्टँग भारतात विकू. २०१६ मध्ये ती इथे प्रथम आली तेव्हा तिची किंमत ६५ लाख रुपये होती.

त्या मुलाला आम्ही हे सगळे एका बैठकीत सांगितले नाही. दोन-तीन दिवस तो येत राहिला, आणि त्यातले बरेचसे त्यानेच शोधून आणले, हे कबूल केले पाहिजे. बिल्ड शीटचा एक फोटोही त्याने दाखवला. पिवळा पडलेला कागद, कडा उंदरांनी कुरतडलेल्या, आणि एका कोपऱ्यात पेन्सिलीने मारलेला कोणाचा तरी शेरा. "नाना, हा कोण असेल?" त्याने विचारले. आम्हाला काय माहीत? सही नव्हती. ब्रेक पॉवर सर्टिफिकेटवर निदान सही तरी असते.

आमच्या शाखेच्या पुढच्या कार्यकारिणीसमोर एक ठराव ठेवणार आहोत. ब्रॅम्प्टन आणि बेलव्हिडेर या दोन्ही ठिकाणच्या कामगारांना एकाच पत्राने पाठिंबा, आणि त्याच पत्राची प्रत दोन्ही युनियनना. शिवाय आपल्याच झोनमध्ये यापुढे एका वर्कशॉपचे वा शेडचे काम दुसरीकडे हलवण्याचा प्रस्ताव आला, तर ज्या शाखेला काम मिळणार तिने आधी ज्या शाखेचे जाणार तिच्याशी बोलल्याशिवाय संमती देऊ नये, असे दुसरे कलम. या दुसऱ्या कलमाला आमच्याच काही मित्रांचा विरोध आहे, आणि तो त्यांनी तोंडावर सांगितला. टपाल खात्यातल्या शाखांनी आर.एम.एस.बद्दल असेच कलम जोडावे की नाही, ते त्यांनी कळवावे. मसुदा तयार आहे, ज्या शाखांना हवा त्यांनी आपल्या विभागीय सचिवामार्फत मागवून घ्यावा. बैठक महिनाअखेरीस आहे, तेव्हा सूचना त्याआधी आल्या तर बरे.